स्विफ्टच्या १४ इंची लोखंडी रिम काढून १५ इंची अलॉय (अल्युमिनियम मिश्रधातूची रिम) टाकली, आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, कंपनीकडून १६५/८० आर१४ टायर (म्हणजे रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंच) आणि लोखंडी रिम. माझं फिरणं म्हणजे रोजचं कोल्हापूर शहर आणि मधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरी, त्यामुळे दुकानात १६ इंची कितीही भारी दिसल्या तरी १५ वरच थांबलो आणि आता तर ठामपणे सांगतो, असल्या रस्त्यांना ह्या गाडीवर १५ च बरोबर.

कारण सांगतो. १६५/८० आर१४ घ्या, १८५/६५ आर१५ घ्या नाहीतर १९५/५५ आर१६ घ्या, टायरची एकूण उंची ६२० मिमीच्या आसपासच भरते, म्हणजे स्पीडोमीटरला काही होत नाही. बदलते ती साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत. १४ ला १३२ मिमी, १५ ला १२०, १६ ला १०७. खड्ड्यात दणका बसला की रिमच्या आधी मार खायला तेवढंच रबर मध्ये असतं. आणि लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली रिम वेल्डिंग करून परत गाडीला लावणं मला अजिबात पटत नाही. तुमचं फिरणं बहुतेक चांगल्या हायवेला असेल आणि जोरात चालवायची सवय असेल तर खुशाल १६ घ्या, वळणात गाडी अजून घट्ट बसेल.

घाटात फरक लगेच जाणवला, आधी वळणात गाडी टायरवर डुलायची, आता स्टेअरिंग फिरवलं की लगेच वळते. बारीक खड्डे थोडे जास्त कळतात, पण घरच्यांची कंबरेची तक्रार नाही. मायलेजमध्ये मला काही फरक दिसला नाही. अलॉय म्हणजे हलकीच असं धरून चालू नका हां, स्वस्तातली कास्ट (साच्यात ओतलेली) रिम लोखंडीपेक्षा जड भरू शकते, दुकानात सरळ वजनकाट्यावर ठेवायला लावा, आणि आत जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयएचा (रिमच्या मजबुतीच्या जपानी मानकाचा) शिक्का आहे का ते बघा.

फिटिंगच्या वेळी लोक पीसीडी (नटांच्या भोकांचं वर्तुळ) ४x१००, म्हणजे चार भोकं १०० मिमी वर्तुळावर, जुळला की खूश होतात, पण स्विफ्टचा सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधल्या भोकाचं माप, ५४.१ मिमी आहे आणि बाहेरच्या बऱ्याच रिमना मधलं भोक त्यापेक्षा मोठं असतं, मग मध्ये ती फट भरणारी हब रिंग टाकायलाच पाहिजे नाहीतर रिम मधोमध बसत नाही आणि स्टेअरिंग थरथरतं. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) मूळ रिमच्या जवळचाच ठेवा, टायर फेंडरच्या बाहेर काढायच्या नादात बेअरिंगवर उगाच लोड येतो. नट रिमच्या सीटला (नट टेकतो त्या जागेच्या आकाराला) जुळणारेच हवेत आणि पन्नास-शंभर किमी चालवून परत टाइट करायचे, हे विसरूच नका.

पावसाळ्यातलं एक सांगतो. कोकणातून परतताना ८०-९० ला स्टेअरिंग हलायला लागलं, मला वाटलं बॅलन्सिंग गेलं, पण आत वाकून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला लाल मातीचा जाड थर वाळून बसलेला, तोही एकाच बाजूला. प्रेशर वॉशने आतून धुतलं, हलणं बंद. म्हणून डिझाइन निवडताना स्पोकमधून हात आत जातो का बघा, माझ्या रिमला पाचच जाड स्पोक आहेत त्यामुळे ब्रेकची काळी धूळही फडक्याने निघते. डायमंड कट (मशीनवर कापून चकचकीत केलेली रिम) मुद्दाम टाळली, फुटपाथला घासून वरचा लॅकर गेला की ओलाव्याने खालचं अल्युमिनियम पांढरं पडत जातं, मी साधी सिल्व्हर पेंटवाली घेतली.

स्टेपनी जुनी १४ चीच आहे, उंची सारखी असल्याने पंक्चरच्या दुकानापर्यंत काम भागतं, फक्त लोखंडी रिमचे नट डिकीत जपून ठेवलेत.