व्हाइटचॅपलची रिपर वॉक: तो निसटला कुठून, ते चालून बघितलं

पाचपैकी चार स्टार देतोय, आणि त्यातले तीन तर माइटर स्क्वेअर ते गोल्स्टन स्ट्रीट एवढ्या एकाच तुकड्यासाठी. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे, आणि तसंही लंडनच्या त्या भागात जॅक द रिपरच्या, म्हणजे १८८८ मध्ये तिथे पाच बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या माणसाच्या, वॉक भरपूर निघतात. तुम्ही कुठलीही घ्या, फक्त बुक करायच्या आधी एक विचारा, की खून कसे झाले तेवढंच सांगणार का खून करून तो माणूस गेला कुठून हे चालून दाखवणार. आमची दुसऱ्या प्रकारची होती म्हणूनच मी हिला घेऊन गेलो, नाहीतर नुसती रक्ताची वर्णनं ऐकायला हिने साफ नकार दिला असता.

३० सप्टेंबर १८८८ ची रात्र. एक वाजता बर्नर स्ट्रीटवरच्या डटफिल्ड्स यार्डात एक जण घोडागाडी आत घेत होता, त्याला एलिझाबेथ स्ट्राइड मेलेली सापडली, आणि पावणेदोनला माइटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोज. म्हणजे पाऊण तासात दोन बायका. आमच्या गाइडबाईंनी चौकात उभं करून सगळ्यात आधी बाहेर पडायच्या वाटा मोजायला लावल्या. त्या काळी तीनच होत्या, एक माइटर स्ट्रीटकडची रुंद वाट, एक चर्च पॅसेजचा बोळ ज्याला आता सेंट जेम्सेस पॅसेज म्हणतात, आणि तिसरी सेंट जेम्सेस प्लेसकडे जाणारी. कॉन्स्टेबल वॉटकिन्स दीड वाजता गस्त घालून गेला तेव्हा चौक रिकामा, १:३५ ला लावेंडे नावाच्या माणसाने बोळाच्या तोंडाशी एक जोडपं उभं पाहिलं, १:४० च्या पुढेमागे कॉन्स्टेबल हार्वी त्याच बोळातून चौकाच्या टोकापर्यंत आला आणि आत न शिरता मागे फिरला, आणि पावणेदोनला वॉटकिन्स पुन्हा हजर. एवढ्यात सगळं उरकून माणूस गायब.

मग बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि त्या बोळाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. त्यांच्या पायात मुद्दाम खिळे ठोकलेले जाड बूट होते, तेव्हाचे पोलीस घालायचे तसले. टक, टक, टक. दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज घुमत येतो हो. मी मोजली, अठरा पावलं स्पष्ट ऐकू आली आणि मग त्या बोळाबाहेर आल्या. हिने माझा दंड घट्ट धरला होता. गस्तीचा रस्ता ठरलेला, चाल ठरलेली, वर हे बूट, त्यामुळे पोलीस दिसायच्या आधी ऐकू यायचा आणि अंधारातल्या माणसाला दुसऱ्या वाटेने सटकायला तेवढं पुरेसं होतं. हे मी वाचलं बऱ्याचदा होतं पण कळलं त्या अठरा पावलांत.

तिथून गोल्स्टन स्ट्रीट. सात-आठ मिनिटं लागली, तेही तीस माणसांचं लटांबर घेऊन. या रस्त्यावरच्या वेंटवर्थ मॉडेल ड्वेलिंग्जच्या दारात २:५५ ला कॉन्स्टेबल लाँगला एडोजच्या एप्रनचा रक्ताचे डाग पडलेला तुकडा सापडला, तिच्या अंगावरचाच कापलेला. खुन्याने मागे सोडलेली आणि तो कुठल्या दिशेने गेला हे सांगणारी ही एकमेव खूण. आणि दिशा बघा, पूर्वेला! पश्चिमेला अख्खं शहर मोकळं पडलेलं असताना हा माणूस स्ट्राइडच्या खुनामुळे जिथे आधीच पोलिसांच्या शिट्ट्या वाजत होत्या त्याच वस्तीत परत शिरला. असं कोण करतं? ज्याचं घर तिथे आहे तो. खुनी म्हणजे कोणी डॉक्टर, सरदार, राजघराण्यातला कोणीतरी आणि दाराशी उभी असलेली त्याची बग्गी, या सगळ्या कहाण्यांवरचा माझा विश्वास त्या दारासमोर उडाला.

एक पाचर मात्र आहे आणि बाईंनी ती लपवली नाही हे मला फार आवडलं. लाँग म्हणाला की २:२० ला मी इथून गेलो तेव्हा तुकडा नव्हता, डिटेक्टिव्ह हॉल्ससुद्धा त्याच वेळी तिथून गेला आणि त्यालाही काही दिसलं नाही. मग एक तर दोघांच्या नजरेतून सुटला, नाहीतर हा माणूस अर्ध्या तासाच्या वर कुठेतरी जवळच आत होता आणि पुन्हा बाहेर पडला. मला दुसरं पटतं. शिवाय माइटर स्क्वेअर सिटी पोलिसांचा आणि गोल्स्टन स्ट्रीट मेट्रोपॉलिटनचा, म्हणजे दहा मिनिटांच्या आत तो एका पोलीस दलाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला होता. त्याच दारात खडूने ज्यूंबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं, तो मजकूर ज्यूंविरुद्ध दंगल पेटेल या भीतीने कमिशनर वॉरनने फोटो काढायच्या आधीच पुसायला लावला.

हॅनबरी स्ट्रीटलाही नेलं. २९ नंबरच्या घराच्या जागी आता ब्रुअरीची इमारत आहे, बघायला काही नाही, पण सांगितलं छान. ८ सप्टेंबरला अॅनी चॅपमन मागच्या अंगणात मारली गेली. घरात सतरा माणसं, अंगणातून रस्त्यावर यायला घरातूनच जाणारा एक पॅसेज, शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस आणि साक्षी धरल्या तर उजाडलेलं. तरी तो सरळ पुढच्या दाराने गेला असावा. आसपास खाटिकखाने होते त्यामुळे बाहीवर डाग असलेला माणूस दिसला तर कोणी वळूनही बघत नसे. सिनेमातलं दाट धुकं पण त्या रात्रींना नव्हतं, त्याला त्याची गरजच पडली नाही.

आता तक्रार. बर्नर स्ट्रीट लांब पडतं म्हणून वगळलं, आणि मेरी अॅन निकोल्सचा खून झाला तो बक्स रो सुद्धा. अहो, पळून जायच्या वाटांची वॉक म्हणायची आणि पाऊण तासातला अर्धा रस्ता दाखवायचाच नाही? मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो. बर्नर स्ट्रीटचं नाव आता हेन्रिक्स स्ट्रीट, यार्डाच्या जागी शाळेचं मैदान, पोरं खेळत होती. तिथून कमर्शियल रोडने ऑल्डगेटमार्गे माइटर स्क्वेअरला घड्याळ लावून चाललो, चौदा मिनिटं लागली, सिग्नलला थांबून. म्हणजे एक वाजता निघालेला माणूस १:३५ च्या आत आरामात पोचतो, धावायचं कारणच नाही. हे गाइडबरोबर चालायला मिळायला हवं होतं.

दुसरं म्हणजे तीस माणसं फार होतात, चौकात अजून एक ग्रुप आला आणि मागच्यांना काही ऐकू येईना. आणि पाचवी बळी मेरी केली, तिच्या मृतदेहाचा तो फोटो, लहान मुलं समोर असताना टॅबवर दाखवायला नको होता. या पाच जणी कोणाच्या तरी आया, बहिणी होत्या. बाईंनी प्रत्येकीचं नाव आणि आयुष्य नीट सांगितलं, चॅपमन त्या रात्री झोपायच्या जागेचे पैसे नाहीत म्हणून बाहेर होती हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, मग तो फोटो कशाला? मी त्यांना तिथेच बोललो, त्यांनी ऐकून घेतलं.

जाणार असाल तर संध्याकाळची बॅच घ्या, ऑल्डगेट ईस्ट स्टेशनला बरेच एक्झिट आहेत तेव्हा कुठला ते आधी विचारून ठेवा, आमची दहा मिनिटं त्यातच गेली. गोल्स्टन स्ट्रीटचं दार परत निवांत बघायचं असेल तर रविवारी सकाळी नको, पेटीकोट लेनचा बाजार असतो, सगळा रस्ता कपड्यांच्या स्टॉलनी भरतो आणि दार शोधूनही सापडत नाही.