दोन माणसांची सॉना कॅबिन: बाक उत्तम, हीटर अपुरा, आणि बिलातलं लाकूड वेगळंच

सॉना म्हणजे गरम हवेत बसून घाम काढायची, मूळ फिनलंडची लाकडी खोली. इथली कॅबिन कोणती, ते आधी. बाहेरून 150 × 150 सेंटिमीटर, उंची 200. पुढची बाजू निम्मी काचेची, आत वर-खाली दोन बाक, भिंतींना खाचपट्टीच्या उभ्या फळ्या, कोपऱ्यात 3.6 किलोवॉटचा विजेचा हीटर आणि त्यात दगड. वडोदऱ्यात हाच साचा वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या लावून विकला जातो, म्हणून नाव सोडा, माप आणि लाकूड बघा. अलकापुरी किंवा वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमशेजारच्या कोपऱ्यात बसेल एवढीच ती आहे, आणि खपते ती त्यामुळेच.

बाक पहिल्या दर्जाचे. गाठ नाही, स्क्रू खालून मारलेले, कडा गोल केलेल्या. दार बाहेर उघडतं आणि त्याला कडी नाही, फक्त रोलर आहे. हे बरोबर, चक्कर आलेल्या माणसाला कडी शोधायला लागू नये. मग हीटरकडे वळावं तर सगळा हिशेब बिघडतो.

आतलं माप 140 × 140 × 190, म्हणजे 3.7 घनमीटर. 3.6 किलोवॉटचे हीटर साधारण 2 ते 4 घनमीटरसाठी असतात, तेव्हा विक्रेता छातीठोकपणे सांगतो की बसतंय. पण या धंद्याचा जुना नियम असा की इन्सुलेशन नसलेल्या काचेच्या, विटांच्या किंवा टाइल्सच्या दर चौरस मीटरला 1.2 घनमीटर वाढवून धरायचे. इथे काच दीड चौरस मीटर आहे. 3.7 अधिक 1.8, झाले साडेपाच. त्याला 4.5 किलोवॉट कसाबसा पुरेल, 6 निवांत पुरेल. 3.6 दिला जातो त्याचं कारण उष्णतेत नाही, प्लगमध्ये आहे: 230 व्होल्टला 3.6 किलोवॉट म्हणजे 15.7 अँपिअर, म्हणजे एसीच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि ग्राहकाला वायरमन बोलवावा लागत नाही. तासभर सलग पूर्ण भार घेतला की त्या सॉकेटच्या पिना तापतात, ढिली पकड असेल तर प्लास्टिक तपकिरी पडतं. सॉना हीटर प्लगवर नसावाच, तो थेट जोडायचा असतो.

परिणाम तापमानात दिसतो. बाहेरच्या डिजिटल पाटीवर 85 अंश येतात, कारण सेन्सर छताला लागून आहे. तासाभराने वरच्या बाकावर डोक्याच्या पातळीला साधा थर्मामीटर टांगला तर 71, आणि जमिनीपाशी 40 सुद्धा नाहीत. त्यातला काही दोष उंचीचा आहे. फिनलंडमध्ये पाय हीटरच्या दगडांपेक्षा वर असावेत असं मानतात, आणि 190 सेंटिमीटरच्या खोलीत ते जमणं कठीण. मांडी घालून किंवा पाय बाकावर घेऊनच बसावं. आपल्याकडच्या माणसांना ते सांगावं लागत नाही म्हणा.

6 किलोवॉटचा हीटर मागितला तर बहुतेक कॅबिनमध्ये तो बसतो, पण हीटर आणि लाकूड यांत किती अंतर ठेवायचं ते त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या. सिंगल फेजवर 26 अँपिअर लागतील: 32 अँपिअरचा एमसीबी आणि 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. थ्री फेजवर दर फेजला पावणेनऊ अँपिअर, काम सोपं. आधी मध्य गुजरात वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार किती ते बघा, नाहीतर एसी आणि हीटर एकत्र चालायचे नाहीत. कॅबिनच्या आत साधी पीव्हीसी वायर चालत नाही, सिलिकॉनची उष्णतारोधक केबलच हवी. जुलै-ऑगस्टमध्ये एक तक्रार हमखास येते: महिनाभर बंद असलेला हीटर सुरू केला की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. हीटरच्या कांडीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते, ती हवेतली ओल शोषते आणि थोडी विजेची गळती होते. कांडी बदलायची घाई करू नका, पण आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन दारातूनच परत पाठवा. जाणकाराकडून हीटर एकदा कोरडा करून घ्या, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तापवत जा.

आता आरोग्य. माहितीपत्रकात ‘हृदयविकाराचा धोका 63 टक्क्यांनी कमी’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आकडा खरा आहे, पण तो कशाचा ते छापलेलं नसतं. पूर्व फिनलंडमधल्या 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे 20 वर्षं लक्ष ठेवून केलेलं हे संशोधन 2015मध्ये प्रसिद्ध झालं. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत 4 ते 7 वेळा घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू 63 टक्क्यांनी कमी होते, 2-3 वेळा घेणाऱ्यांत 22 टक्क्यांनी. तिथलं सरासरी तापमान 80 अंशांच्या आसपास. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही: जो माणूस आठवड्यातून पाच वेळा सॉनात बसू शकतो, तो मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. आणि महिन्यातून दोनदा, पाहुणे आले की दाखवायला तापवलेल्या कॅबिनला तो आकडा मुळीच लागू नाही. इन्फ्रारेड कॅबिन, म्हणजे दगडांऐवजी अवरक्त किरणांनी अंग तापवणारी, ती तर 45 ते 60 अंशांवर चालते. तिच्या माहितीपत्रकावर हाच आकडा छापणं ही शुद्ध फसवणूक.

तरी 71 अंश अगदीच वाया जातात असं नाही. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 73 अंशांवर अर्धा तास बसल्यावर वरचा रक्तदाब सरासरी 137 वरून 130 वर आला होता. पण म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना भोवळ येऊ शकते. दोन मिनिटं खालच्या बाकावर बसून मग उभं राहावं. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत कळा येत असतील किंवा महाधमनीची झडप खूप अरुंद झालेली असेल तर सॉना नको. दारू पिऊन तर नकोच. वजन उतरतं ते घामाचं, एका बैठकीत अर्धा किलोपर्यंत, आणि दोन तांबे पाण्यात परत येतं. ‘विषारी द्रव्यं बाहेर टाकतो’ हे वाक्य सोडून द्या, ते काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. नवख्याने 8-10 मिनिटांपासून सुरुवात करावी, मग अंगावर गार पाणी. वडोदऱ्याची खरी अडचण इथेच येते: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी गार पाणी येतच नाही. सकाळी भरून ठेवलेली बादली हाच उपाय.

सॉना परक्यांचं खूळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 14वा अध्याय बघावा. जेंताक स्वेदासाठी, म्हणजे तापवलेल्या खोलीत घाम काढायच्या उपचारासाठी, मध्यभागी मातीची भट्टी आणि भिंतीलगत बसायला ओटा असलेली खोली तिथे सांगितली आहे, भट्टीत जाळायचं लाकूडही नावानिशी सांगितलं आहे: खैर.

लाकूड कोणतं, हा प्रश्न इथेही पहिलाच. या कॅबिनच्या बिलात ‘सीडर’ लिहिलंय, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं हलकं, महागडं वेस्टर्न रेड सीडर. बाक आबाशीचे आहेत, पश्चिम आफ्रिकेतलं हलकं, गाठी नसलेलं लाकूड, उत्तम निवड. पण भिंतीच्या फळ्या हेमलॉकच्या, हेही सूचिपर्णी झाडाचंच लाकूड. हेमलॉक वाईट नाही, सरळ रेषांचं आणि राळ नसलेलं आहे, पण त्याला सीडरचा भाव देऊ नये. ओळखायला वाण्याचा तराजू पुरतो. 100 × 10 × 1.2 सेंटिमीटरची फळी घ्या: वेस्टर्न रेड सीडर असेल तर वजन साडेचारशे ग्रॅमच्या आतबाहेर, हेमलॉक साडेपाचशेच्या वर, न्यूझीलंड पाइन सहाशेच्या जवळ, साग पावणेआठशे. सीडरच्या फळ्या एकमेकींशी रंगात जुळत नाहीत, फिकट तांबूस ते गडद तपकिरी असा फरक असतो. सगळ्या एकसारख्या तांबूस दिसल्या तर मागच्या बाजूला पॉलिश पेपर मारून बघा, खाली पांढरट निघालं की रंग दिलेला आहे.

वजनाला एवढं महत्त्व का? हलक्या लाकडात हवा जास्त, ते उष्णता सावकाश सोडतं, म्हणून 80 अंशांतही त्यावर उघड्या अंगाने बसता येतं. जड लाकूड चटका देतं, आणि गाठ म्हणजे फळीतला सगळ्यात जड भाग. आपल्या घरांतून ‘बाक सागाचेच करा’ असा आग्रह होतो, डांगचा साग म्हणजे प्रतिष्ठा. साग झोपाळ्याला द्यावा. देवदारही नको, त्यात तेल असतं आणि त्याचा वास गरम हवेत डोक्यात जातो.

सॉनाच्या लाकडाचे भाव का चढले, याचं उत्तर वडोदऱ्याच्या लाटीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, मिळत नाही, ते कॅनडा आणि रशियात आहे. मे 2021मध्ये अमेरिकेत बांधकामाच्या लाकडाचे वायदे हजार बोर्डफुटांना (बोर्डफूट हे लाकूड मोजायचं अमेरिकी घनमाप) 1,600 डॉलरवर गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत निम्म्याखाली आले. विक्रेत्यांच्या यादीतले भाव मात्र चढायचे ते चढले, उतरायचे राहिले. नोव्हेंबर 2021मध्ये ब्रिटिश कोलंबियाने 26 लाख हेक्टर जुन्या जंगलात तोड थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. बिनगाठीचं सीडर मुख्यतः अशाच जुन्या, जाड झाडांतून निघतं. रशियाने जानेवारी 2022पासून सूचिपर्णी झाडांचे बिनप्रक्रिया ओंडके निर्यात करणं बंद केलं, जुलैपासून युरोपीय संघाने रशियन लाकूड घेणं थांबवलं, आणि बाकांसाठी आणि भिंतींसाठी लागणारं अ‍ॅस्पेन, अल्डर आणि स्प्रूस या झाडांचं लाकूड घ्यायला सगळे खरेदीदार फिनलंड आणि बाल्टिक देशांकडे वळले. मग हेमलॉकला सीडर म्हणायचा मोह होतो.

दुसरा मोह जवळचा आहे. कांडला बंदरात न्यूझीलंड पाइनचे ओंडके उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात आणि पॅकिंगसाठी, सेंट्रिंगसाठी सगळ्या गुजरातभर जातात. स्थानिक मिस्त्री त्यातूनच कॅबिन करून देतो, खूप स्वस्तात. पहिल्या महिन्यातच गाठींतून राळ पाझरते, चिकट थेंब खांद्यावर पडतात. पण पैसे वाचवायचे असतील तर अर्धी वाट धरता येते: बाक, पाठीची फळी आणि हीटरभोवतीचं कठडं आयात लाकडाचं, भिंती निवडून घेतलेल्या बिनगाठी, भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या, आणि बाहेरचं आवरण साध्या प्लायचं. बाहेरून सीडर लावण्याचा घामाशी काही संबंध नाही. आत मात्र प्लाय किंवा एमडीएफ नको, त्यातल्या डिंकातून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं. भिंतीत थर्माकोलही नको, 80 अंशांना तो मऊ पडून खचतो. खनिज लोकर, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मग सेंटिमीटरभर हवेची फट आणि मग फळी.

या कॅबिनमध्ये फॉइल आहे, पण सांध्यांवर टेप नाही. वाफ तिथून लोकरीत शिरते आणि आत बुरशी धरते. जोडताना समोर उभं राहून अ‍ॅल्युमिनियमची टेप लावून घ्या. फळ्यांना कडेला 3-4 मिलिमीटर मोकळे सोडायला लावा. पावसाळ्यात त्या फुगतात, हीटर लावला की आकसतात, घट्ट ठोकल्या तर चिरतात. आतून वॉर्निश नाही, वाळवीचं औषध तर नाहीच, तेच पुढे श्वासात जाईल. औषध खोलीच्या जमिनीला आणि भिंतींच्या पायथ्याला, कॅबिन यायच्या आधी. तळमजला असेल तर दोनदा विचार करा: 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं होतं, आणि एकदा भिजलेली लोकर पुन्हा कामाची राहत नाही.

दगड हीटरसोबत आलेलेच वापरा, महीच्या किंवा नर्मदेच्या पात्रातले गोटे नकोत, ते तडकून उडतात. दर वर्षी काढून, फुटलेले फेकून, ढिले रचायचे, कारण घट्ट रचले तर हवा खेळत नाही आणि कांडी जळते.

वॉरंटीत हीटर एक वर्ष आहे, लाकूड ‘नैसर्गिक वस्तू’ म्हणून वगळलेलं. म्हणून शेवटचा हप्ता हातात ठेवा. बिलावर लाकडाची जात बाक आणि भिंत अशी वेगवेगळी लिहून घ्या, एक सुटी फळी मागून तोलून बघा, आणि कॅबिन तासभर तापवून वरच्या बाकावर डोक्याच्या पातळीला तुमचाच थर्मामीटर टांगा. त्यावर 80 दिसले की पैसे द्या.