दोन पावसाळे, तीन वस्तरे आणि एक हवाबंद डबा

मागच्या वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या खरेदीत मसाल्याच्या डब्यांबरोबर तीन लिटरचा, चारही बाजूंनी खटके असलेला एक डबा जास्तीचा घेतला. बायकोला वाटलं सोलांसाठी. त्यात माझे वस्तरे गेले. आता दुसरा पावसाळा सरत आलाय, म्हणजे अनुभव लिहायला हरकत नाही.

वस्तरे तीन. एक जर्मनीतल्या झोलिंगेनचा नवा, एक मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला, इंग्लंडातल्या शेफील्डचा, शिंगाच्या मुठीचा, आणि तिसरा कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेल्या सेल्युलॉइडच्या मुठीचा. तिन्ही पाती कार्बन पोलादाची. धार झकास घेतात, पण आमच्या रत्नागिरीत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात आणि वर समुद्राचा खार. पातं रात्री ओलं राहिलं तर सकाळी तांबूस ठिपके ठरलेले.

आधी ते कातडी पाकिटात ठेवायचो. दिसायला रुबाबदार, कामाला शून्य. कातडं सादळतं आणि ओल धरून बसतं. त्याच पाकिटात शेफील्डच्या धारेला खड्डे पडले. भिंगाखाली तीन बारीक खाचा दिसल्या आणि त्या घालवायला एक अख्खा रविवार दगडावर गेला. एक हजार ग्रिटच्या जाड दगडापासून सुरुवात करून बारीक दगडांकडे चढत जायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

डब्यात पन्नास ग्रॅम सिलिका जेलची पुडी टाकली. नारिंगी दाण्यांची घेतली, निळ्यात कोबाल्ट असतं म्हणून. नवव्या दिवशी दाणे हिरवे! मला वाटलं जेलच बोगस. मग हिशेब केला. तीस अंशाला, नव्वद टक्के आर्द्रतेत तीन लिटर हवेत पाणी असतं जेमतेम ०.०८ ग्रॅम. पुडीने दहा ग्रॅम तरी शोषलं असं धरलं, तर डबा शंभराहून जास्त वेळा उघडूनही ती पुरायला हवी. म्हणजे झाकण गळत होतं. रबराची कडी एका कोपऱ्यात दुमडली होती. ती नीट बसवली आणि तीच पुडी वाळवून टाकली, ती सव्वा महिना चालली. हिरवे झालेले दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की परत नारिंगी होतात. एवढ्या दिवसांत एकही नवी पुडी घेतलेली नाही.

इथवर सगळं छान. पहिल्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस मात्र झोलिंगेनच्या नव्याकोऱ्या पात्यावर गंज दिसला, तोही फक्त एका बाजूला, शेजारच्या वस्तऱ्याकडे तोंड असलेल्या. डब्यातला आर्द्रतामापक पस्तीस टक्के दाखवत होता. डबा उघडल्यावर कापरासारखा, जरा आंबूस वास आला आणि डोक्यात प्रकाश पडला. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जुनं झालं की ते कुजतं आणि त्यातून आम्ल वायू सुटतो. मोकळ्यावर तो उडून जातो. मी तो हवाबंद डब्यात दोन चांगल्या पात्यांबरोबर कोंडून ठेवला होता! आता तो वस्तरा कपाटावर वेगळा, उघडा असतो आणि त्याला तेलाचा हात जास्त लागतो. जुना वस्तरा विकत घेताना मूठ हुंगून बघा, दुकानदार हसला तरी चालेल.

तेलाचंही सांगतो. पहिले काही महिने घरचं खोबरेल लावलं, कोकणी माणसाला दुसरं काय सुचणार. हिवाळ्यात ते थिजलं, मुठीच्या खिळ्यापाशी चिकट पिवळा थर बसला आणि धार परजायच्या कातडी पट्ट्यालाही लागला. आता शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, बोटाने पुसल्यासारखं. जपानी लोक कॅमेलियाचं तेल लावतात म्हणे, पण इथे मशीनच्या तेलावर माझं बरं चाललंय. दाढीआधी टिश्यूने पुसून काढायचं.

आणि ज्याला डबा, जेल, तेल कशाचाच इलाज नाही ती जागा म्हणजे खिळा. दाढी झाल्यावर पातं सगळे पुसतात, पण मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे थेंब अडकून राहतो. मी टिश्यूची बारीक वळी करून खिळ्यापाशी फिरवतो, मग वस्तरा अर्धा उघडा ठेवून पंख्याखाली तासभर, आणि मगच डब्यात. ओला वस्तरा हवाबंद डब्यात म्हणजे गंजाला घरचं जेवण. न्हाणीघरात तर ठेवूच नका.

आमच्या नाक्यावरचे सलूनवाले काका आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा चालवतात, पण जुन्या काळी धोकटीत असले दोन होते. त्यांना डबा दाखवला. ते म्हणाले, "रोज पट्ट्यावर फिरव, गंजायची बिशाद नाय त्याची." खोटं नाही. आठवड्याचे पाच दिवस वापरात असलेल्या शेफील्डवर दोन्ही पावसाळ्यांत पाकीट सोडल्यापासून एक ठिपका नाही. डबा लागतो तो गावाला गेल्यावर, आणि पडून राहणाऱ्या वस्तऱ्यासाठी.

चतुर्थीला बारा दिवस गावी होतो. परत आल्यावर डबा उघडला, आर्द्रता अडतीस, दाणे अजून नारिंगी, दोन्ही पाती कोरी. कपाटावरच्या तिसऱ्याला मुठीखाली पुन्हा एक करडी रेघ आलीय. त्याची मूठ बदलून शिंगाची बसवायला दिली आहे.