‘काइंड ऑफ ब्लू’: इतक्या आवृत्त्यांमधून कोणती घ्यावी?

जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’ विकत घ्यायचं ठरलं, की सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायची: पहिल्या बाजूचा वेग दुरुस्त केलेला आहे का? कव्हर, विनाइलचं वजन, सोनेरी सीडी, जोडीला दिलेलं पुस्तक हे सगळं त्यानंतर. दुकानदार नेमकं उलट सांगतात, कारण वजन आणि कव्हर दाखवता येतं. वेग ऐकावा लागतो.

ही भानगड अशी झाली. अल्बम दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दिवशी, न्यूयॉर्कच्या पूर्व ३०व्या रस्त्यावरच्या, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. मूळचं ते चर्च. उंच छत, लाकूड आणि त्यातून येणारी गुंज यांसाठी तो स्टुडिओ नावाजलेला होता. २ मार्चला ‘फ्रेडी फ्रीलोडर’, ‘सो व्हॉट’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ झाले. त्या दिवशी मुख्य टेप मशीन (तीन ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर आवाज तीन वेगळ्या ओळींत नोंदवणारं) किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर नोंदलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली, की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. अर्ध्या स्वराहूनही कमी, पण चढतोच. एप्रिलमधले ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ मात्र बरोबर आहेत. म्हणजे एकाच तबकडीच्या दोन बाजू दोन वेगळ्या पट्ट्यांत बसलेल्या, आणि असाच अल्बम जग ३३ वर्षं ऐकत राहिलं. त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर सुरक्षेसाठी एक प्रत होत होती आणि ते यंत्र नीट चालत होतं. १९९२च्या ‘मास्टरसाउंड’ सोनेरी सीडीसाठी तीच टेप वापरली गेली, आणि तेव्हा पहिली बाजू पहिल्यांदा तिच्या खऱ्या वेगात बाहेर आली.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असा प्रश्न रास्त आहे. सगळे वादक एकत्रच वर सरकलेत, त्यामुळे आपापसांत कुणी बेसूर होत नाही. नुसतं ऐकणाऱ्याला फारसं जाणवणारही नाही. पण सोबत वाजवायला बसलात तर लगेच कळतं, आणि आपल्याकडच्या श्रोत्याकडे ते तपासण्याचं उत्तम साधन आहे. ‘सो व्हॉट’ डी डोरियनमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनचा षड्ज आणि काफी थाटाचे स्वर, कोमल गंधार, कोमल निषाद. मोबाइलवरचा तंबोरा पांढरी दोनला लावा आणि ‘सो व्हॉट’ सुरू करा. दुरुस्त आवृत्तीत पॉल चेंबर्सचा बास तंबोऱ्यावर बसतो, जुन्या आवृत्तीत तो सतत चढा लागतो. १६ बारनंतर (एक बार म्हणजे चार मात्रा) षड्जच काळी दोनवर जातो, ८ बार तिथे थांबतो आणि पुन्हा खाली येतो. त्या आठ बारांत तंबोऱ्याशी भांडण होणारच, ते रचनेतलंच आहे. परीक्षा पहिल्या सोळा बारांची.

माझं मत स्पष्ट आहे. या माणसांनी त्या दिवशी ज्या सुरात आणि ज्या लयीत वाजवलं, तोच अल्बम. जुन्या वेगाची सवय झालेले रसिक तो जास्त चमकदार वाटतो असं सांगतात. सवय समजू शकते, पण नव्याने घेणाऱ्याने ती विकत घेण्याचं कारण नाही. वेग सुधारला की जॉन कोल्ट्रेनच्या टेनर सॅक्सोफोनचा खालचा भाग भरदार होतो आणि ‘ब्लू इन ग्रीन’मधला बिल इव्हान्सचा पियानो आणखी सावकाश श्वास घेतो.

आता आवृत्त्यांकडे. मूळ १९५९ची एलपी, कोलंबियाच्या लेबलवर सहा डोळ्यांची खूण असलेली, ही संग्राहकांची वस्तू आहे. पहिली बाजू अर्थातच चढी. सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांचा क्रमही उलटा छापला गेला होता. ‘ऑल ब्लूज’ आधी वाजतं, कागदावर आधी ‘फ्लेमेंको स्केचेस’. इतिहास हातात धरायचा असेल तर घ्या, रोज ऐकायला नको.

जुन्या बाजारात सगळ्यात जास्त सापडते ती १९८७ची ‘कोलंबिया जॅझ मास्टरपीसेस’ मालिकेतली सीडी किंवा एलपी. कव्हरभोवती निळी चौकट असते, त्यावरून लांबूनच ओळखता येते. स्वस्त मिळते. घेऊ नका. वेगाची चूक तशीच आहे, आणि सुरुवातीच्या डिजिटल काळाचा कोरडेपणाही तिच्यात आहे.

१९९२ची सोनेरी सीडी संग्राहकांनी महाग करून ठेवली आहे. ती शोधत बसण्याची गरज नाही, कारण तिने केलेलं महत्त्वाचं काम १९९७च्या साध्या सीडीत आहे, आणि अधिकही काही आहे. १९९७साठी ध्वनि-अभियंता मार्क वाइल्डर यांनी मूळ तीन ट्रॅकच्या टेपवरून नव्याने मिश्रण केलं. वेग दुरुस्त केलेला, आवाज मोकळा, आणि शेवटी ‘फ्लेमेंको स्केचेस’चा आणखी एक पूर्ण टेक, म्हणजे त्याच रचनेची वेगळ्याने वाजवलेली नोंद. बहुतेकांनी घ्यावी ती हीच.

त्या जादा टेककडे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. ‘फ्लेमेंको स्केचेस’ला ठरलेली धून जवळजवळ नाही. पाच स्वरसप्तकं एकामागून एक येतात आणि प्रत्येकात किती वेळ राहायचं हे वाजवणाराच ठरवतो. पहिला टेक (हाच तो जादा) पूर्ण झाला होता, तरी अल्बमवर सहावा गेला. दोन्ही एकामागून एक ऐकले की कळतं, की माइल्स त्याच पाच थांब्यांवर दर वेळी वेगळा वेळ काढतो. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हे फार ओळखीचं वाटेल. जादा ट्रॅक म्हणून पुष्कळदा गाळसाळ दिली जाते, इथे मात्र अल्बम कसा घडला हे त्या एका ट्रॅकमधून उमगतं.

इथेच २००८च्या पन्नाशीनिमित्तच्या मोठ्या पेटीचा आणि त्यानंतर आलेल्या दोन सीडींच्या ‘लेगसी’ आवृत्तीचा विषय येतो. पेटीत दोन सीडी, एक डीव्हीडी, निळ्या रंगाची एलपी आणि पुस्तक आहे. पेटी देखणी आहे, पण संगीत हवं असेल तर ‘लेगसी’ पुरते. पहिल्या सीडीवर अल्बम, तोच जादा टेक, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ची फसलेली सुरुवात आणि स्टुडिओतले काही तुकडे आहेत. हे तुकडे एकदा उत्सुकतेने ऐकाल, पुन्हा क्वचित.

दुसरी सीडी मात्र मोलाची. २६ मे १९५८चं सत्र तिच्यावर आहे: ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’, ‘फ्रॅन-डान्स’, ‘स्टेला बाय स्टारलाइट’, ‘लव्ह फॉर सेल’. बिल इव्हान्स आणि ड्रमवर जिमी कॉब असलेला हा संच ‘काइंड ऑफ ब्लू’च्या नऊ महिने आधी काय वाजवत होता, ते इथे ऐकू येतं. त्या वेळी कॉर्ड पटापट बदलत होते, मोडल वाजवण्याची, म्हणजे एकाच स्वरसप्तकात बराच वेळ रमण्याची, मोकळीक अजून पुरती आलेली नव्हती. आणि शेवटी ९ एप्रिल १९६०ला नेदरलँड्समध्ये, हेगला वाजवलेलं ‘सो व्हॉट’. सतरा मिनिटांचं. तोवर अल्बमवर आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा कॅननबॉल ॲडरली आणि इव्हान्स नव्हते, पियानोवर विंटन केली होता. स्टुडिओत मध्यलयीत चाललेली रचना इथे द्रुतात धावते आणि कोल्ट्रेन तिला पार दुसरीकडे घेऊन जातो. अल्बम आधीच पाठ असेल, तर १९९७ची पुन्हा घेण्याऐवजी ‘लेगसी’ घ्या. पहिल्यांदाच ऐकत असाल, तर उलट करा: एकच सीडी घ्या आणि तीच महिनोन्‌महिने वाजू द्या.

एलपीच हवी असलेल्यांसाठी निवड अवघड आणि महाग आहे. नव्वदच्या दशकात ‘क्लासिक रेकॉर्ड्‌स’ने काढलेल्या एलपीचं मास्टरिंग (तबकडी कापण्याआधी आवाजाला द्यायचं शेवटचं रूप) बर्नी ग्रंडमन यांनी केलं होतं, आणि तिच्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीत पहिली बाजू जुन्या आणि दुरुस्त अशा दोन्ही वेगांत दिली होती. फरक स्वतः ऐकून ठरवायचा असेल तर याहून प्रामाणिक रेकॉर्ड नाही. आता ती जुन्या बाजारातच मिळते. २०१५ साली ‘मोबाइल फिडेलिटी’ने ४५ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, दोन तबकड्या काढल्या. आवाज बारकाव्यांचा, पण पाच रचनांसाठी चार बाजू, म्हणजे दर दहा-अकरा मिनिटांनी उठायचं. या अल्बमची मनोवस्था मोडते, आणि मला तो तोटा आवाजातल्या फायद्यापेक्षा मोठा वाटतो. शिवाय या कंपनीच्या अनेक एलपींच्या निर्मितीत मधे डिजिटल टप्पा असतो, हे २०२२मध्ये उघड झालं. निव्वळ ॲनालॉगसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं.

२०२१ची ‘ॲनालॉग प्रॉडक्शन्स’ची ‘यूएचक्यूआर’ आवृत्ती ३३ आरपीएमची, २०० ग्रॅमची, पारदर्शक विनाइलवरची, ग्रंडमन यांच्याच मास्टरिंगची. आली तेव्हा किंमत १०० डॉलर होती. तुमचं टर्नटेबल, सुई आणि फोनो स्टेज (सुईचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) त्या दर्जाचं असेल, तर विनाइलवर यापुढे शोधण्याची गरज नाही. नसेल, तर तोच पैसा आधी सुईवर घाला. शंभर डॉलरच्या तबकडीतला तपशील घासलेल्या सुईला वाचता येत नाही. भारतात मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा. मुंबईतलं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झाल्यापासून अशी महाग एलपी आधी हातात घेऊन बघणं तसंही दुरापास्त झालं आहे.

सगळ्यात जास्त सावध राहावं ते स्वस्त युरोपीय एलपींपासून. १९६३पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क युरोपात ५० वर्षांनी संपले, त्यामुळे २०१०पासून तिथे हा अल्बम कुणीही छापू शकतो. चकचकीत कव्हर, १८० ग्रॅमचं वजन आणि कुठून घेतलं याचा पत्ता नाही. मूळ टेप कोलंबियाची आताची मालक असलेल्या सोनीच्या ताब्यात आहेत, या छोट्या कंपन्यांना त्या मिळत नाहीत. बहुधा एखाद्या सीडीवरूनच तबकडी कापलेली असते. कोलंबिया, लेगसी किंवा सोनीचं नाव कव्हरवर नसेल तर ती परत ठेवा. सीडीचाच आवाज ऐकायचा, तर सीडी घेतलेली बरी.

मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा), हाही प्रश्न विचारला जातो. १९५९मध्ये बहुतेक घरांत मोनोच होतं, आणि २०१३च्या मोनो संचात हा अल्बम त्या रूपात पुन्हा आला. मोनोत संच घट्ट बांधलेला वाटतो, ताल अंगावर येतो. तरी मी स्टिरिओकडे झुकतो. मधे माइल्स आणि बास, डावीकडे कोल्ट्रेन आणि पियानो, उजवीकडे ॲडरली आणि ड्रम. ‘ऑल ब्लूज’मध्ये कोल्ट्रेन आणि ॲडरली एकामागून एक येतात, तेव्हा खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे लक्ष जातं आणि त्या चर्चची उंची मधे जाणवते. मोनोत ते दोघं एकाच ठिकाणाहून बोलतात. हेडफोनवरच ऐकणार असाल तर मात्र मोनो एकदा नक्की ऐकून पाहा, कारण डावा-उजवा इतका वेगळा केलेला आवाज तासभर कानात घेऊन थकवा येतो.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी एकाच नावाखाली दिसणाऱ्या अनेक आवृत्त्यांमधून लेगसीची निवडावी आणि यादृच्छिक क्रम (शफल) बंद करावा. पाचही रचना दिलेल्या क्रमानेच जाव्यात. जादा ट्रॅक सुरू होण्याआधी थांबायचं असेल, तर पाच रचनांचीच एक वेगळी यादी करून ठेवा.