येवल्यात विणकराकडूनच पैठणी घेतली – अनुभव

भाचीच्या लग्नासाठी पैठणी हवी होती आणि पुण्यात दुकानं बघून बघून डोकं फिरलं होतं, मग शिर्डीला गेलो तेव्हा तशीच गाडी पुढे येवल्याला घेतली. रस्त्यावर सगळीकडे ‘अस्सल पैठणी’च्या पाट्या, पण आम्ही ओळखीतून आत गल्लीत एका विणकर काकांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, मागे गादीवर साड्या, बास एवढंच दुकान.

काका पन्नाशी पार. बाराव्या वर्षी वडिलांशेजारी बसून कांड्या भरायला (विणायचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायला) लागले, मग कितीतरी वर्षं व्यापाऱ्याकडे मजुरीवर विणलं, स्वतःचा माग चाळिशीत टाकला. आता गुडघे बोलतात म्हणे, कारण दिवसभर पाय मागाखालच्या खड्ड्यात. मागावर मोराचा पदर चालू होता. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी तिल्ली (कांडी), मानेपाशी निळा संपून हिरवा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, आणि हे सगळं हाताने, समोर नक्षीचा कागद होता पण त्यांनी एकदाही बघितला नाही!! असा जड पदर दिवसाला दोनेक इंच सरकतो.

“ताई, पुढून काय बघताय, उलटी करून बघा,” हे त्यांचं पहिलं वाक्य. हातमागाचा पदर मागूनही तसाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. 2010 ला जीआय टॅग (त्या भागाचीच अस्सल वस्तू असल्याची सरकारी खूण) मिळूनही पॉवरलूमचा माल हातमागाच्या भावात खपवणारे आहेतच, त्यामुळे एवढं तरी बघाच. सेमी पैठणी (पॉवरलूमवरची, स्वस्तातली) घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त पैसे सेमीचेच द्या.

आमची साडेअठरा हजारांना पडली, जांभळी, नारळी काठ आणि अंगभर बारीक बुट्टी. घासाघीस केली नाही, करावीशीच वाटली नाही. जरी टेस्टेड (म्हणजे साध्या धातूच्या तारेची) आहे, चांदीची नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं, शोरूमवाले विचारल्यावर पण गोल गोल बोलतात.

आता कटकटी. तयार साड्या मोजक्याच, रंग हवा तो मिळेलच असं नाही. बहिणीने आमसुली रंगाची ऑर्डर दिलीये तर काका फोनच उचलत नाहीत, मागावर असले की काकू उचलतात आणि “होतंय होतंय” म्हणतात. फॉल-पिको आपलं आपण. लग्न दोन महिन्यांवर असेल तर ऑर्डरच्या भानगडीत पडू नका, तयार आहे त्यातलीच उचला.

पाचपैकी चार स्टार, एक फोनचा कापला.