बर्लिनमधे दोन महिन्यांसाठी घर शोधताना झालेली फसवणूक, जाणाऱ्यांनी प्लीज वाचा

गेल्या वर्षी जर्मन भाषेच्या कोर्ससाठी मला दोन महिने बर्लिनला जायचं होतं, एकटीच जाणार होते, आणि तिथे घर भाड्याने देतो म्हणून एका माणसाने डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं असे मिळून 1,180 युरो माझ्याकडून घेतले, म्हणजे आपले लाखाच्या वर गेले. घर नव्हतंच. पैसे गेल्याचा त्रास आहेच पण त्याहून वाईट म्हणजे माझ्या पासपोर्टची कॉपी दाखवून त्याने पुढच्या माणसाला जाळ्यात ओढायला बघितलं, ते खाली लिहिते. आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली शिकायला, इंटर्नशिपला, कंपनीच्या कामाला जर्मनीत जातायत, सगळ्यांना याच चक्रातून जावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी तिथली परिस्थिती सांगते कारण ती कळल्याशिवाय ही फसवणूक का चालते ते कळणार नाही. बर्लिनमधे बहुतेक लोक भाड्यानेच राहतात आणि घरांची इतकी टंचाई आहे की बऱ्या घराची जाहिरात पडली की काही तासांत ढिगाने मेसेज जातात. कोणी काही महिने बाहेरगावी गेलं की आपलं घर सामानासकट तेवढ्यापुरतं दुसऱ्याला देतं, त्याला तिथे त्स्विशनमीटे म्हणतात आणि ते अगदी सर्रास चालतं. त्यामुळे "मी सध्या बर्लिनमधे नाही, घर रिकामं आहे" हे वाक्य तिथे संशयास्पद वाटतच नाही, खरे लोकही हेच लिहितात. या खऱ्या पद्धतीच्या आडच हे चोर बसलेले असतात.

दुसरी गोष्ट व्हिसा. शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे तुम्ही नाशिकमधे बसलेले असताना, तिथे पाऊल टाकायच्या आधी, राहायचं कुठे ते कागदावर दाखवायचं. हॉस्टेलमधे दोन महिने काढणं परवडत नाही, ओळखीचं कोणी नाही, अपॉइंटमेंटची तारीख जवळ येतेय. खऱ्या घरमालकांना मेसेज केले तर बहुतेकांचं उत्तरच येत नाही, आणि ज्यांचं येतं ते म्हणतात बघायला या. नाशिकहून कशी येऊ? अशा वेळी जो माणूस दोन तासांत उत्तर देतो, व्यवस्थित इंग्रजीत बोलतो आणि म्हणतो की व्हिसासाठी करारपत्र लगेच पाठवतो, तो देवासारखा वाटतो. या लोकांना हे पक्कं माहीत असतं. भारतीय नाव आणि "फॉर व्हिसा" हे शब्द मेसेजमधे दिसले की गिऱ्हाईक किती घाईत आहे ते त्यांना न विचारता कळतं.

जाहिरात होती नॉयकोल्न भागातल्या एका खोलीच्या घराची, सामानासकट, लाइट-हीटिंग धरून 580 युरो. (तशा फर्निश्ड घराला तिथे हजारच्या आसपास किंवा जास्तच पडतात हे मला तिथे गेल्यावर कळलं.) मालक म्हणाला मी इंजिनियर आहे, कामासाठी स्कॉटलंडला आलोय, बायको-मुलगी इथेच आहेत, घर चांगल्या माणसाच्या हातात जावं एवढीच इच्छा आहे. माझ्याबद्दल बारीक चौकशी केली, सिगरेट ओढता का, पाळीव प्राणी आहे का, कोर्स कुठे आहे. म्हणजे परीक्षा माझी चाललीये असं वाटेल अशी सगळी मांडणी. मग स्वतःच्या पासपोर्टचा स्कॅन पाठवला, आणि म्हणाला आता तुमचा पाठवा म्हणजे करार करतो. मी पाठवला.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं तर म्हणाला मी इकडे, घर तिकडे, कसं दाखवू, आणि यात न पटण्यासारखं काही नव्हतं. वर स्वतःच म्हणाला की तुम्ही अनोळखी माणसाला डायरेक्ट पैसे पाठवू नका, आपण एका मोठ्या बुकिंग साइटमधून करू, पैसे त्यांच्याकडे राहतील, त्यांचा माणूस किल्ली देईल, घर बघून पसंत नसेल तर पैसे परत. ईमेलमधे लिंक आली. ती साइट हुबेहूब खरी दिसत होती, तोच लोगो, तेच रंग, खाली चॅटची खिडकी, त्यात "सपोर्ट"वाली बाई दोन मिनिटांत उत्तर देते. फक्त वरच्या पत्त्यात खऱ्या नावापुढे एक डॅश आणि आणखी एक शब्द होता. पेमेंटला आल्यावर लिहिलेलं की लांब मुदतीच्या बुकिंगला कार्ड चालत नाही, आमच्या अधिकृत एजंटच्या खात्यात बँक ट्रान्सफर करा, आणि खाली एका व्यक्तीचं नाव आणि आयबॅन, म्हणजे तिकडचा बँक खात्याचा नंबर. इथेच खरा डाव आहे, कारण कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे तक्रार करून ते परत मागायची एक वाट तरी असते, खात्यातून खात्यात गेलेले पैसे समोरच्याने काढून घेतले की हातात काही उरत नाही. कोणतीही खरी बुकिंग साइट तुम्हाला खाजगी माणसाच्या खात्यात पैसे टाकायला सांगत नाही, एवढं एकच वाक्य या पोस्टमधून लक्षात ठेवलंत तरी चालेल.

आयबॅनची सुरुवात ईएस अशी होती. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, जर्मनीचं डीई, ईएस म्हणजे स्पेन. घर जर्मनीत, मालक स्कॉटलंडमधे, पैसे स्पेनला. नुसत्या परदेशी आयबॅनवरून कोणी चोर ठरत नाही पण तीन देश आले की थांबून विचारायलाच हवं.

पैसे पोचल्यावरही तो गायब झाला नाही हे विशेष. करारपत्र पाठवलं, ते व्हिसाच्या फाइलला लागलं, व्हिसा आला, मी विमानात बसेपर्यंत तो "हॅपी जर्नी" वगैरे लिहीत होता. किल्ली द्यायला माणूस दुपारी तीनला दारात उभा असेल म्हणाला.

आता त्या दाराचं सांगते. बर्लिनच्या इमारतींत सहसा फ्लॅट नंबर नसतात. खाली बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणासमोर भाडेकरूचं आडनाव, पत्रंसुद्धा आडनावावरच येतात, म्हणून तिथे पत्ता सांगताना पुढची बिल्डिंग की मागची, कितवा मजला, डावीकडे की उजवीकडे असं सांगतात. माझ्या करारावर होतं "फ्लॅट नंबर 14". मी बॅगा घेऊन त्या पाटीसमोर उभी, दोन रांगांत नुसती आडनावं, 14 कुठेच नाही आणि मालकाचं आडनावही नाही. त्याचा नंबर लागेना, साइटवरची ती चॅटवाली बाईही बंद. तेवढ्यात एक वयस्कर बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, मी मोडक्यातोडक्या जर्मनमधे विचारलं, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "तुमच्याआधीही काही जण आले होते, हाच पत्ता घेऊन. एक मुलगा तर इथे पायरीवर बसून रडला." त्यांनी मला वर नेऊन पाणी दिलं, स्वतःच्या फोनवरून जवळच्या हॉस्टेलला फोन केला आणि पोलिसांत तक्रार करायचीच असं दोनदा बजावलं. त्या आजींचे उपकार मी विसरणार नाही.

हॉस्टेलमधे रात्री ते फोटो मोठे करून बघितले तेव्हा सगळं दिसायला लागलं. किचनच्या ओट्यावर जे प्लगचं सॉकेट होतं ते चौकोनी, तीन चपट्या पिनांचं, इंग्लंडमधे असतं तसं. जर्मनीत सॉकेट गोल आणि खोलगट असतं, दोन गोल पिनांचं. खिडक्या वर सरकवायच्या होत्या, त्याही इंग्लंडच्या पद्धतीच्या, बर्लिनमधे खिडकी आत उघडते किंवा वरून थोडी आत कलते. इमेज सर्च केल्यावर तेच फोटो ब्रिटनमधल्या एका घराच्या जुन्या जाहिरातीत सापडले. हे मुद्दाम लिहितेय कारण चोर खोटी कागदपत्रं बनवू शकतो, गोड बोलू शकतो, पण चोरलेल्या फोटोतलं सॉकेट बदलायला सहसा कोणी बसत नाही. ज्या देशात जाताय तिथली सॉकेटं, खिडक्या, रेडिएटर कसे असतात ते आधी बघून घ्या आणि मग जाहिरातीतले फोटो झूम करा.

पुढची गोष्ट मी कोर्स संपवून परत आल्यावरची. लिंक्डइनवर इंदूरच्या एका मुलाचा मेसेज आला, "दीदी, बर्लिन वाला घर आपका ही है ना?" त्याला कोणीतरी माझ्या नावाने ईमेल पाठवत होतं, मी बर्लिनला राहणारी पण सध्या आईच्या आजारपणासाठी भारतात आलेली, आणि विश्वास बसावा म्हणून माझा पासपोर्ट जोडलेला. आपल्याच देशातली बाई, म्हणून त्याला आणखीच खात्री वाटली. त्याने मला शोधून विचारलं म्हणून त्याचे पैसे वाचले. मग लक्षात आलं की मला जो "मालकाचा" पासपोर्ट आला होता तोही बहुधा असाच कोणा फसलेल्या माणसाचा असणार. मी त्याचं नाव पोलिसांना संशयित म्हणून दिलं होतं, ते लगेच कळवून दुरुस्त करायला लावलं. तुमच्याकडे असा पासपोर्ट आला असेल तर चिडून तो ग्रुपवर "हा चोर" म्हणून टाकू नका, तो बिचारा तुमच्यासारखाच लुटला गेलेला असू शकतो.

पासपोर्टची कॉपी द्यावीच लागली तर त्यावर आडवं मोठ्या अक्षरात लिहा की ही कॉपी फक्त अमुक पत्त्याच्या घरासाठी, अमुक तारखेला, अमुक माणसाला दिली, आणि जे नंबर लागत नाहीत ते झाका. खऱ्या मालकाला याचं काही वाटत नाही. आधार कार्ड तर परदेशी घरमालकाला द्यायचं काहीच कारण नाही.

पैशांबद्दल जर्मन कायदा असा आहे की घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरता येतं, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. म्हणजे किल्ली मिळायच्या महिनाभर आधी सगळं डिपॉझिट मागणारा माणूस कायद्याच्या जोरावर मागत नाहीये. "हॉलिडे अपार्टमेंट" म्हणून दाखवलेलं अख्खं घर असेल तर बर्लिनमधे 2018 पासून अशा जाहिरातीवर सहसा नोंदणी क्रमांक लागतो, तो विचारा. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ट्रान्सफरच्या आधी खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतात का ते सांगावं लागतं, पण भारतातून पाठवताना त्या भरवशावर राहू नका.

मग राहायचं कुठे, तर माझ्या मते कोर्सवाल्यांनी आधी आपल्या संस्थेलाच विचारावं. ग्योथे इन्स्टिट्यूट जर्मनीतल्या कोर्सच्या विद्यार्थ्यांना राहायची सोय करून देतं, युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी श्टुडिरेंडनवेर्कची (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी तिथली संस्था) होस्टेलं असतात, रांग मोठी असते पण लवकर नाव घातलं तर मिळतं. नाहीतर तिथल्या मराठी ग्रुपवर विचारा, कोणीतरी दादा-ताई रविवारी जाऊन घर बघून येतात, लोक खरंच करतात, मला नंतर मिळालेली खोली अशीच एका सोलापूरच्या ताईंनी आधी जाऊन बघितली, बेलवरचं नाव वाचलं, मालकिणीशी बोलल्या आणि मला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ज्या घरात कोणी आपलं माणूस जाऊन उभं राहिलेलं नाही त्या घरासाठी एक युरोही पाठवायचा नाही, मालक कितीही गोड बोलो आणि व्हिसाची तारीख कितीही जवळ असो.

आणि ज्यांनी आत्ताच पैसे पाठवलेत आणि हे वाचून पोटात गोळा आलाय त्यांनी आजच, उद्या नाही, बँकेत फोन करून ट्रान्सफर परत बोलवायची विनंती लेखी द्या, पैसे वाटेत असतील तर थांबू शकतात. लगेच 1930 ला, म्हणजे आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. बर्लिन पोलिसांची ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, इंटरनेटवाखे नावाची, तिथेही करा. ज्या साइटवर जाहिरात होती तिला कळवा म्हणजे ती निघेल. चॅट, ईमेल, लिंक, आयबॅन काहीही डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि चोराला "मला कळलंय" असं लिहू नका कारण तो लगेच खातं रिकामं करतो. माझ्या केसमधे बँकेला उशीर झाला होता, स्पेनच्या बँकेकडून खात्यात शिल्लक नाही असं उत्तर आलं आणि पैसे आले नाहीत. तक्रार अजून चालू आहे, त्या इंदूरच्या मुलाने त्याचे ईमेलही त्यात जोडून दिलेत. कोणाला याच पद्धतीचा मेसेज आला असेल, नॉयकोल्न, एक खोली, इंजिनियर, स्कॉटलंड किंवा आजारी आई, तर खाली लिहा किंवा मला मेसेज करा, मी तेही पोलिसांना पाठवते.