तोळाभर वजनाची गोळी: एल्कसाठी थर्टी-ओ-सिक्स

दोन वर्षांमागं सुगीत भाच्याचा फोन आला तेव्हा मी जांबोटी रोडच्या आमच्या खळ्यावर होतो. तो अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, तिकडं एल्क म्हणून मोठं हरीण असतं. "मामा, एल्कला गोळी लागली खरं जनावर सापडलं नाही. दोन दिवस हुडकलं." पुढं त्याला बोलता येईना. मी भाताची रास तशीच टाकून कडेला जाऊन बसलो, कारण हे दुखणं मला ठाऊक आहे. 1969 साली, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, आमच्या शिवारात कुणीतरी ठासणीच्या बंदुकीनं डुकरावर बार टाकला. डुक्कर रक्त सांडत रानात गेलं. तिसऱ्या दिवशी ओढ्याकडून वास आला. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता हितं शिकारीचा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे आणि भीमगड अभयारण्याच्या रानाकडं बघितलं की बंद झाली तेच बरं झालं असं वाटतंय. तिकडं मात्र कोलोरॅडोत एल्कची संख्या अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. सरकार परवाने मोजून देतं, आणि मारलेल्या जनावराचं मांस खाण्यासाठी नीट काढून न्यायचं हे कायद्यानंच बंधन. आपल्या भागातली बरीच पोरं आता तिकडं आहेत, त्यातली काही शिकारीला जातात. एल्कसाठी थर्टी-ओ-सिक्स हे रायफलीचं काडतूस का निवडलं, ते त्यांच्यासाठी लिहितोय.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीच फायरिंग रेंजवर, पोरांना शिकवण्यात. माझी रायफल एसएलआर, काडतूस 7.62 बाय 51. म्हणून कुठलं काडतूस घेऊ असं भाच्यानं विचारलं तेव्हा तोंडातून पहिल्यांदा तेच आलं. खरं फौजेतलं ज्ञान शिकारीत जसंच्या तसं चालत नाही, हे मला त्या वयात नव्यानं शिकावं लागलं. फौजेची गोळी पूर्ण तांब्याच्या टोपणात बंद असते. आत जाऊन ती फुलू नये असा 1899 च्या हेग परिषदेतला ठराव आहे. शिकारीत बरोबर उलटं. तिथं गोळी फुललीच पाहिजे, नाहीतर ती आरपार जाते, बारीक भोक राहतं आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. कोलोरॅडोचा नियमच आहे की एल्कवर फुलणारीच गोळी वापरायची, आणि शंभर यार्डांवर तिच्यात निदान 1,000 फूट-पाउंड ताकद राहिली पाहिजे.

त्या वर्षी भाच्याकडं होतं थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम. दुकानदारानं सांगितलेलं, "एल्क मोठं जनावर, मोठं काडतूस घे." नर एल्क साधारण सव्वातीनशे किलोचा भरतो, म्हणजे सहसा आपल्या सांबरापेक्षा मोठा, त्यामुळं सांगणं पटण्यासारखं होतं. काडतूस वाईट नाही. 1963 पासून लोक त्यानं एल्क मारत आलेत. खरं त्याचा खांद्याला बसणारा झटका थर्टी-ओ-सिक्सच्या सव्वा ते दीडपट, आणि माझ्या भाच्याचा दिवस कॉम्प्युटरपुढं जातो. पुढच्या ऑक्टोबरात मी गेलो, तेव्हा आधी त्याला रेंजवर घेऊन गेलो. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथलं हंटिंग लायसन्स काढल्याशिवाय बंदूक-काडतूस बाळगता येत नाही, म्हणून मी कशालाही हात लावला नाही. पाठीमागं स्टुलावर बसलो. त्याच्या मित्राला सांगितलं, मॅगझिन तू भर, आणि मधे एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घाल, कितवी ते त्याला सांगू नको.

तिसऱ्यांदा घोडा ओढला तेव्हा नुसता 'टक्' आवाज आला आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. डोळे मिटलेले. भाचा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "बाबा, त्या एल्कला गोळी नीट बसली नाही ती ह्या झटक्याच्या भीतीनं. हात वाईट नाही तुझा."

मग काय घ्यायचं? सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर हे काडतूस सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. झटका कमी, नेम सुंदर, आणि अंतर धरून राहिलं तर एल्कही पडतं. खरं त्याची गोळी 140 ग्रेनच्या आसपासची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). खांद्याचं हाड आडवं आलं तर मला आणखी वजन हवं होतं. थ्री-नॉट-एट म्हणजे माझ्या एसएलआरचंच भावंड, मनातून मला तेच हवं होतं. शेवटी जुन्या पण जपून ठेवलेल्या थर्टी-ओ-सिक्स बोल्ट रायफलीवर गाडी थांबली. 'थर्टी' म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे तीस शतांश, आणि 'ओ-सिक्स' म्हणजे 1906, त्या साली अमेरिकन फौजेनं ते घेतलं. पुंगळी 63 मिलिमीटरची, थ्री-नॉट-एटपेक्षा लांब, त्यामुळं जड गोळीला जोर थोडा जास्त मिळतो.

बॉक्स घेतले फेडरल प्रीमियमचे, त्यात गोळी 180 ग्रेनची नॉस्लर पार्टिशन. नळीतून निघताना वेग सेकंदाला 2,700 फूट. हे 180 ग्रेन काय प्रकरण आहे ते भाच्याला समजावताना माझ्याच ध्यानात आलं की जुना तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन, 11.66 ग्रॅम. शहापूरच्या सराफांकडं आमच्या आजीनं जो तोळा मोजून घेतला असेल, तेवढीच ही गोळी.

पार्टिशनची रचना साधी आणि डोक्यानं केलेली आहे. तांब्याच्या वेष्टणात मधोमध तांब्याचाच पडदा, पुढं शिसं, मागं शिसं. पुढचा भाग फुलतो, पडद्यामागचा तसाच घट्ट राहून आत घुसत जातो. जॉन नॉस्लर नावाच्या माणसानं 1946 साली मूसच्या (एल्कपेक्षाही मोठ्या हरणाच्या) शिकारीत गोळी आत न जाता वरच फुटलेली बघितली, त्यातून हे सुचलं. एका जखमी जनावराच्या बोचणीतून निघालेली वस्तू आहे ही, आणि त्यासाठी मला तिचा फार आदर वाटतोय.

रेंजवर तिनं काय केलं? 200 यार्डांवर नेम बांधला. 300 वर गोळी सुमारे वीतभर खाली येते. मी भाच्याला बजावलं, तुझी हद्द 250, त्यापुढं बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. तीन आठवडे रोज वीस वेळा घरात रिकाम्या रायफलीवर शिस्त (नेम) घ्यायला लावली, आणि रविवारी रेंज. तिसऱ्या रविवारी डमी आली तेव्हा नळी हलली नाही. माझ्या मते हाच ह्या काडतुसाचा मोठा गुण. साध्या माणसाचा खांदा त्याला सोसतो.

सीझनला व्हाइट रिव्हरच्या जंगलात गेलो, नऊ हजार फुटांवर. माझा दम लागत होता. अंगावर तिथल्या नियमाप्रमाणं झगझगीत नारिंगी जॅकेट आणि टोपी. दुसऱ्या दिवशी पहाटे एक नर 210 यार्डांवर आला, खरं तिरका, पाठमोरा. भाच्यानं शिस्त घेतली आणि थांबला. चार मिनिटं. मी त्याच्या कानाशी श्वास धरून पडलेलो. नर आडवा वळला तेव्हा घोडा सुटला. एल्क चाळीस पावलं गेलं आणि बसलं, मग मान टाकली. भाचा रडला. मीही.

गोळी खांद्याच्या पात्याची कड फोडून, दोन्ही फुप्फुसांतून जाऊन पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. घरी भाचेसुनेनं ती धुऊन स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर ठेवली. 7.8 ग्रॅम. तोळ्याच्या बारा माशांतले आठ मासे शिल्लक, चार मासे आत झडलेले. पुढं फुललेलं, मागं दंडगोल जसाच्या तसा, पडद्याची रेघ स्पष्ट दिसत होती.

ते झडलेले चार मासे हाच दोष. शिशाचे कण मांसात पसरतात, जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, घरात लहान पोरं असतील तर नक्कीच. आतडी रानात राहतात, ती गरुड खातो, त्याच्याही पोटात शिसं जातं. हे मला खटकलं. पूर्ण तांब्याच्या गोळ्या मिळतात, बार्न्सच्या वगैरे, वजनही जवळजवळ टिकून राहतं. पुढच्या वर्षी 165 ग्रेनच्या तांब्याच्या घेऊन बघ म्हणून सांगितलंय. मात्र काडतूस बदललं की नेम पुन्हा बांधायचा, जुन्या नेमाचा जराही भरवसा धरायचा नाही. पार्टिशनला किंमतही आहे, एका काडतुसाला तीन डॉलरच्या वर. सरावाला स्वस्तातली 180 ग्रेन चालतात, शिकारीच्या आधीचा शेवटचा रविवार मात्र ह्याच बॉक्समधून.

घेताना तीन बॉक्स एकदम घ्या आणि लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा नंबर) एकच आहे का बघा. भाच्याकडं त्या लॉटची अकरा काडतुसं उरलीत. ती त्यानं वेगळ्या डब्यात ठेवून वर माझ्या सांगण्यावरून मराठीत चिठ्ठी लावली आहे: "250 च्या आत."